चिखलदऱ्याच्या लोकसंगीत कार्यशाळेतून आठवडाभरात काय पदरात पडते?

प्रश्न : चिखलदऱ्याला एका महाविद्यालयाच्या आवारात पावसाळ्यात आठवडाभराची निवासी लोकसंगीत कार्यशाळा होणार आहे. मी नागपूरला नोकरी करतो आणि हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. रजा काढून जावे इतके तेथे शिकायला मिळते का? सोबत काय न्यावे?

उत्तर :

अवश्य जावे. मात्र हार्मोनियम नागपुरातच ठेवून जावे.

अशाच एका कार्यशाळेला मी चिखलदऱ्याला गेले होते. आमच्या घरात वर्षानुवर्षे चालत आलेल्या एका वादाचा निकाल माझ्यापुरता तेथे लागला, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमची आजी वर्धेकडच्या खेड्यातली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत तिच्या भोवती भुलाबाईची, म्हणजे मुलींनी टिपऱ्यांवर म्हणायची, गाणी चालत आणि आळीतल्या पोरी केवळ खिरापतीसाठी येत नसत, तिच्या गळ्यासाठीही येत. माझा मोठा भाऊ संगीत विशारद आहे. आजी थकली तेव्हा त्याने तिची गाणी कॅसेटवर घेतली आणि नंतर भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत एका वहीत लिहून काढली. हे काम त्याने मनापासून केले, ते मी कधीही नाकारलेले नाही. पण लिहिताना त्याने ती गाणी ‘नीट’ केली. आजीचा गंधार (सप्तकातला तिसरा स्वर, ‘ग’) त्याला कच्चा वाटला म्हणून तो शुद्ध लिहिला, चाल केरव्यात बसवली, आणि ज्या ओळी आठ मात्रांत मावेनात त्यांतले शब्द गाळले. आज आमच्या घरातल्या मुली त्या वहीतून गातात. ते सुरात असते, तालात असते आणि आजीचे नसते. हे मी म्हणते, आणि दादाला ते मान्य नाही.

कार्यशाळेत भुलाबाईची गाणी शिकवायला एका खेड्यातून एक वयस्क बाई आल्या होत्या. पहिल्या सकाळी आयोजकांनी मोठ्या हौसेने त्यांच्या शेजारी पेटी ठेवली. पेटीवाल्या तरुणाने त्यांची पट्टी शोधून सूर धरला. बाईंनी पहिली ओळ घेतली, तिसऱ्या स्वरावर आल्या आणि थांबल्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेथेच थांबल्या. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “बंद कर बापा तुही पेटी, मले माहा सूर सापडून नाही राह्यला.”

पेटी बंद झाली आणि बाई सलग गायल्या. वर्गातल्या एकाने मोबाइलवर स्वर मोजणारे ॲप उघडून ठेवले होते. बाई गंधारावर आल्या की त्याचा काटा कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध जाऊन थांबे. एकदा तसे झाले असते तर वयाचा गळा म्हणून सोडून देता आले असते, पण ओळीमागून ओळ गेली तरी काटा त्याच जागी येत होता, आणि फक्त उतरताना तो किंचित खाली कलत होता. ज्या स्वरावर माणूस दर वेळी नेमका पोहोचतो त्याला कच्चा कसे म्हणायचे? पेटीच्या सप्तकात बाराच पट्ट्या असतात आणि त्या बारांत हा स्वर नाही, एवढाच त्याचा दोष. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केले आणि ते 1971 पर्यंत उघडले नाही. तेव्हाही आक्षेप हाच होता की पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि तिचे स्वर जागचे हलत नाहीत. ज्या दादाने मला हा इतिहास शिकवला, त्यानेच आजीचा गंधार पेटीवर बसवला, हे मला अजून उमगलेले नाही.

तालाचेही तेच झाले. नात्यातल्या माणसांची नावे ओळीत घालत ही गाणी पुढे सरकतात, हे आपल्याला ठाऊकच असेल. सासूबाईंची ओळ टिपऱ्यांत बरोबर बसते, पण धाकट्या दिराची पाळी आली की अक्षरे वाढतात. आम्ही ती अक्षरे घाईने कोंबत होतो. बाईंनी मात्र टिपरी हवेतच धरून ठेवली, सगळे शब्द सावकाश म्हणून घेतले आणि मग घाव घातला. फेरातल्या बायकांची पावलेही तेवढाच वेळ थबकली आणि एकदम पडली. दादाच्या वहीत या थांबण्याला जागाच नव्हती, म्हणून तिथला दीर गेला. मी पटकन लिहून घ्यायला लागले तेव्हा बाई मला म्हणाल्या, “वही ठेव वं माय, पहिले ऐक.” त्यांनी चार-पाच सकाळी एकच गाणे घेतले, आणि शेवटी कोणी कोणाकडे न पाहता सगळ्यांच्या टिपऱ्या एकदम पडू लागल्या. आपल्या प्रश्नातला ‘काय शिकायला मिळते’ हा भाग माझ्या मते इतकाच आहे: एक गाणे, पण त्याच्या अंगच्या सवयींसकट. ‘सात दिवसांत पंचवीस लोकगीते’ अशी जाहिरात असेल, तर रजा वाया घालवू नका.

दादा मला नेहमी विचारतो की, पंडित विष्णु नारायण भातखंडे लिहीत बसले नसते तर आपल्यापर्यंत काय आले असते. प्रश्न योग्य आहे. घराण्यांच्या कुलपातल्या चिजा लिहून ठेवण्याचे त्यांचे काम फार मोठे आहे. पण चीज स्वरलिपीत असली तरी ती गुरूसमोर बसूनच गळ्यावर चढते, हे कोणताही विशारद मान्य करील. मग आजीच्या गाण्यालाच ही सवलत का नको? दुसरे उदाहरण मी त्याला कुमार गंधर्वांचे देते. 1948 च्या सुमारास ते क्षयाच्या आजारामुळे माळव्यात देवासला राहायला गेले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत आसपासच्या बायकांची गाणी ते कान देऊन ऐकत राहिले, आणि पुढे त्यांतून त्यांचे धुनउगम, म्हणजे लोकधुनेतून जन्मलेले, राग उभे राहिले. कुमारांनीही त्या धुना लिहून घेतल्या होत्या, असे दादा त्यावर सांगतो, आणि ते खरे आहे. पण आधी त्यांनी त्या मनसोक्त ऐकल्या, आणि ज्यात राग सापडतो त्या धुनेला सुधारण्याची गरज आहे असे त्यांना वाटले नाही. माझे म्हणणे इतकेच आहे.

संध्याकाळचे कार्यक्रम चुकवू नका. आमच्या वेळी भंडाऱ्याकडची खडी गंमतची, म्हणजे तिकडच्या तमाशासारख्या लोकनाट्याची, मंडळी आली होती. शाहीर ओळीच्या शेवटच्या अक्षरावर पोहोचण्याआधीच साथीच्या झीलकऱ्यांनी सूर उचललेला असे, त्यामुळे दोन आवाजांच्या मध्ये श्वासाएवढीही फट पडत नसे. झीलकरी म्हणजे मागे उभा राहून ‘जी जी’ करणारा माणूस, हा समज त्या मंडळींजवळ बसल्याशिवाय जात नाही. जवळच्या पाड्यांवरचे कोरकू लोकही एका रात्री ढोल आणि बासरी घेऊन आले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा असल्यामुळे शब्द आम्हाला कळत नव्हते, पण फेरातल्या बायकांनी आम्हाला हात धरून ओळीत घेतले आणि पाऊल कळले. हा भाग मात्र शिकवणीचा समजू नका, ते त्यांचे सणावाराचे गाणे आहे आणि आपण तेथे पाहुणे असतो.

आता काय न्यावे ते सांगते. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि पावसाळ्यात धुके खिडकीतून थेट खोलीत येते. चामड्याची वाद्ये त्या दमटपणाने उतरतात. आमच्या डफाचा आवाज पहिल्याच संध्याकाळी ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता, आणि मग मंडळी रोज मेसच्या चुलीपाशी डफ शेकून मगच बैठकीला बसत. म्हणून वाद्य नेणार असाल तर खंजिरी किंवा टिपऱ्या न्या, ढोलकी नेलीच तर कोरड्या कापडात गुंडाळून न्या. गरम कपडे, टॉर्च आणि ओले झाले तरी चालतील असे जोडे लागतील. मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नका. नागपूरहून एसटीने अमरावती, परतवाडा करत जावे लागते आणि परतवाड्यानंतर घाट लागतो. गाडी लागत असेल तर त्याआधी पोटभर जेवू नका.

काही गोष्टी वर सांगायला हव्या होत्या त्या येथे सांगते. प्रत्येक कार्यशाळा आमच्यासारखी असेलच असे नाही, कारण सगळे शिकवणाऱ्या माणसावर अवलंबून असते. कोण येणार आहे हे आधी विचारा, आणि उत्तरात फक्त प्राध्यापकांचीच नावे आली तर जाऊ नका. आठवड्याने आपण लोककलावंत होणार नाही. तसेच घरात गाणारी आजी किंवा आत्या हयात असेल, तर या वर्षीची रजा तिच्याकडे घालवा, कार्यशाळा पुढच्या वर्षीही भरेल. हार्मोनियमबद्दल मी कठोर लिहिले आहे, पण भजनाला पेटी शोभते आणि दादा ती सुंदर वाजवतो. माझा आक्षेप फक्त तिच्या पट्ट्यांनी दुसऱ्याचा गळा मोजण्याला आहे.

रेकॉर्डिंग करण्यापूर्वी गाणाऱ्याला विचारा आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी पोहोचेल अशी सोय करा. आयोजकांना मानधनाबद्दलही जरूर विचारा. खेड्यातून येणाऱ्या बाईंना आणि शहरातून येणाऱ्या व्याख्यात्याला सारखेच मानधन मिळत असेल, तर शुल्क थोडे जास्त असले तरी ते भरून जा.