साडेसात एचपीच्या मोटरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) चालू करतानाच पडतो. वायरमन म्हणतो 40 अँपिअरचा लावा. लावू का?

नका लावू.

तुम्ही दिलेली माहिती अशी: मसाला कांडपाचं मशीन, साडेसात एचपीची थ्री फेज मोटर, डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देऊन सुरू करणारा), मागे ‘बी 16’ एमसीबी आणि पाइपातून नेलेली 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर. कधी स्टार्ट दाबल्या दाबल्या एमसीबी पडतो, कधी थोडा वेळ मिरची दळल्यावर स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. मी पॅनल बनवतो आणि दुरुस्तही करतो. या दोघांची गल्लत रोज बघतो.

एमसीबी वायर वाचवायला असतो, रिले मोटर वाचवायला. तुमची मोटर पूर्ण लोडवर साधारण 11 अँपिअर घेते, पण डीओएलवर सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा-सात पट, म्हणजे 66 ते 77. बी कर्व्हचा एमसीबी आपल्या रेटिंगच्या 3 ते 5 पटीला झटकन पडतो. 16चा म्हणजे 48 ते 80 अँपिअरला. मग तो कधी ना कधी पडणारच, त्याची काही चूक नाही. बी कर्व्ह घरातल्या दिवे-पंख्यांसाठी ठीक. मोटरला सी (5 ते 10 पट) किंवा डी (10 ते 20 पट) लागतो. तुमच्याकडे ‘डी 16’ बसेल. त्याहून बरा एमपीसीबी (खास मोटरसाठीचा ब्रेकर), कारण त्यात 11 अँपिअरची सेटिंगही करता येते.

40चा लावला तर मोटर सुरू होईल, वायरमनही खूश. पण 40चा एमसीबी 45 अँपिअरपर्यंत तासभर गप्प बसू शकतो. पाइपातली 2.5ची वायर तोवर मऊ होऊन एकमेकींना चिकटलेली असेल. वायर 4 चौरस मिमीची घालून घ्या, लांब अंतर असेल तर नक्कीच.

आता रिले. वायरमनने त्याचा डायल फिरवून 15वर नेऊन ठेवला आहे, तो आधी मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरवर परत आणा. मग लोडवर असताना टाँग टेस्टरने (वायरभोवती धरून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेज मोजायला सांगा. एका फेजवर शून्य आणि बाकी दोन चढलेले असतील तर सिंगल फेजिंग आहे, मोटर लगेच बंद करा. तिन्ही सारखे पण नेमप्लेटपेक्षा जास्त असतील तर जाळी चोकअप झाली आहे का, बेल्ट फार ताणला आहे का, बेअरिंग गेलंय का ते बघा. व्होल्टेजही मोजा. 415च्या जागी 360 येत असेल तर तेवढंच दळायला मोटर जास्त करंट ओढते.

एका फेजवर थोडाच फरक असेल तर स्टार्टर उघडा, मेन बंद करून. स्टॉप बटण दाबल्याने फक्त कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधला मोटरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) कॉइल सुटते, वरच्या एल1, एल2, एल3 वर लाईट तशीच असते. मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नका. खालच्या टर्मिनलांपैकी एखाद्याजवळ वायरचं इन्शुलेशन तपकिरी, कडक झालेलं दिसतंय का? तिथे स्क्रू सैल असतो, किंवा वायर भोकात मावेना म्हणून कुणीतरी अर्ध्या तारा कापून टाकलेल्या असतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तिथेच बघतो. जळका भाग कापा, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) लावून घट्ट करा.

रिलेवर रीसेटचं छोटं बटण ‘ऑटो’वर असेल तर ‘मॅन्युअल’वर करा. आणि स्टार्टरला हिरवं-लाल बटण काढून गोल स्विच बसवला असेल तर तो आजच काढा, कारण लाईट गेली तरी तो चालूच राहतो. लाईट गेली म्हणून माणूस जाळी साफ करायला हात घालतो, लाईट आली की मशीन आपोआप फिरतं. पुश बटणाच्या सर्किटमध्ये लाईट गेली की होल्डिंग कॉन्टॅक्ट (स्टार्टवरून बोट काढल्यावरही मोटर चालू ठेवणारा) सुटलेला असतो, म्हणून पुन्हा स्टार्ट दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. त्या दोन बटणांचा खरा फायदा तोच आहे.

अर्थिंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये, म्हणून विचारतो. नियमाप्रमाणे अशा मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ जोडण्या लागतात. शिवाय अर्थ खड्ड्याचा रेझिस्टन्स 5 ओहम धरला तर बॉडीला फेज लागल्यावर 230 भागिले 5, जेमतेम 46 अँपिअर वाहतात. तेवढ्याने ‘डी 16’ झटकन पडत नाही, आणि 40चा तर त्याला जवळपास नेहमीचा लोड समजेल. म्हणून एमसीबीसोबत आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) हवाच. साध्या स्टार्टरवर 30 मिलीअँपिअरचा चालतो. पुढे ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवलात आणि तो विनाकारण पडू लागला तर मोटरसाठी वेगळा 100चा घ्या.

कॉन्टॅक्टर बदलायची वेळ आली तर दुकानात एसी-3 रेटिंग (मोटरसाठीचं) विचारा, किमान 12 अँपिअर. त्याच कॉन्टॅक्टरवर एसी-1चा 25चा आकडाही छापलेला असतो, पण तो हीटरसाठी आहे. हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि तिन्ही फेजचे आकडे कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवायला सांगा. पुढच्या वेळी रिले पडला की तुलना करायला ते हाताशी लागतात.