वाचकांचे प्रश्न: मोबाइलमधला कॅसिनो चालतो कसा?

मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटींविषयी वाचक नेहमीच लिहितात. या वेळची बहुतेक पत्रं मात्र हातातल्या मोबाइलवर चालणाऱ्या कॅसिनोविषयी आहेत. पत्रं आखडून घेतली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

बोटीवर चाक डोळ्यांसमोर फिरतं. मोबाइलवर निकाल कुठे ठरतो? लोक म्हणतात, सगळं ‘सेट’ असतं. (डिचोली)

तुमच्या मोबाइलमध्ये काहीच ठरत नाही. ज्या साइटवर तुम्ही खातं उघडता, तिच्याकडे बहुधा स्वतःचा एकही गेम नसतो. गेम बनवणारी कंपनी वेगळी, वेगवेगळ्या कंपन्यांचे गेम गोळा करून पुरवणारी वेगळी, आणि साइट म्हणजे नाव, जाहिरात आणि गल्ला. तुम्ही स्लॉटचं, म्हणजे चिन्हांची चाकं फिरवायच्या खेळाचं, बटण दाबता तेव्हा साइट तुमच्या शिलकीतून रक्कम वजा करते आणि गेम कंपनीच्या सर्व्हरला कळवते. तिथला प्रोग्राम एक यादृच्छिक आकडा काढतो, तो आकडा चाकांवरच्या चिन्हांत बदलतो आणि किती द्यायचे ते ठरवून परत पाठवतो. या सगळ्याला सेकंदही लागत नाही. नंतर दोन-तीन सेकंद चाकं फिरताना दिसतात ती निव्वळ चित्रफीत. म्हणून मध्येच ‘थांबा’ दाबून काही बदलत नाही, आणि नेट गेलं तरी निकाल तोच राहतो. पुन्हा लॉगिन केलं की शिलकीत तो दिसतो.

‘सात-सात आणि तिसरा सात जरासा चुकला’ हे वारंवार दिसतं, त्यालाही कारण आहे. पडद्यावरच्या चाकावर २०-२२ चिन्हं दिसत असली तरी आतल्या यादीत जागा कितीतरी जास्त असतात. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला त्यातली एखादीच जागा मिळते आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या घरांना पुष्कळ. या रचनेचं पेटंट अमेरिकेत १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना मिळालं. म्हणजे हुकलेला सात थोडक्यात हुकलेला नसतो, फक्त तसा दिसतो.

आता ‘सेट’. नावाजलेल्या कंपनीचा मूळ गेम असेल तर तो जीएलआय किंवा ईकॉग्रासारख्या प्रयोगशाळेतून तपासून घेतलेला असतो, आणि त्यात हातचलाखी करायची कोणाला गरजही पडत नाही. गणितच पुरेसं असतं (पुढचं उत्तर वाचा). तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. एकच गेम ९६, ९४, ९२ टक्के परताव्याच्या (लावलेल्या पैशांपैकी सरासरी परत येणारा भाग) वेगवेगळ्या आवृत्त्यांत विकला जातो. कुठली घ्यायची ते साइट ठरवते आणि गेमच्या माहितीच्या पानावर तो आकडा बारीक अक्षरांत असतो. दुसरं, टेलिग्रामवरून येणाऱ्या साइट्सवर हुबेहूब दिसणारे नकली गेम असतात. त्यांचा परतावा किती, हे बनवणाऱ्यालाच माहीत.

मग कॅसिनो कमावतो कशावर? कुठल्या खेळात सर्वांत कमी जातं? (फोंडा)

जिंकलेल्याला जरा कमी देण्यावर. युरोपियन रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात. प्रत्येक घरावर शंभर-शंभर लावले तर ३,७०० झाले. कुठलंही घर आलं तरी ३५ पट आणि तुमचे शंभर, असे ३,६०० परत. कॅसिनोचे शंभर, म्हणजे २.७ टक्के. दोन शून्यांच्या अमेरिकन चाकावर हेच ५.२६ टक्के होतात. मटक्याचा एकेरी आकडा आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे: दहा आकडे आणि भाव साधारण नऊपट, म्हणजे शंभरातले दहा खाणाऱ्याचे. त्या मानाने कॅसिनो स्वस्तच वाटेल.

बाकाराट या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ यांतली कुठली बाजू जिंकेल यावर पैसे लावतात. बँकरवर १.०६ टक्के आणि प्लेअरवर १.२४ टक्के कट, म्हणजे कॅसिनोचा वाटा, बसतो, पण ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, आठपट भाव असेल तर तोच १४ टक्क्यांच्या वर जातो. अंदर-बाहरमध्ये पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती बाजू सुमारे ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणूनच त्या बाजूला शंभरावर नव्वदच देतात. ब्लॅकजॅकमध्ये (पानांची बेरीज २१ च्या जवळ नेण्याचा खेळ) कुठल्या पानांवर काय करायचं त्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक हात खेळणाऱ्याला अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडतं. मात्र ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागल्यावर ३:२ ऐवजी ६:५ देणारं टेबल असेल तर त्यात आणखी सुमारे १.४ टक्क्यांची भर पडते.

पण टक्केवारी हा अर्धाच हिशेब. खरा घोळ वेगाचा आहे. प्रत्यक्षातलं चाक तासाला ३५-४० वेळा फिरतं. वीस रुपये दर वेळी लावले तर उलाढाल आठशेची आणि सरासरी तोटा बावीस रुपये. मोबाइलवरचा स्लॉट सहा सेकंदांना एक धरला तरी तासाला ६०० स्पिन. त्याच वीस रुपयांनी १२,००० ची उलाढाल होते आणि चार टक्क्यांनी ४८० रुपये जातात. ब्रिटनच्या नियामकाने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर ‘ऑटोप्ले’, म्हणजे आपोआप एकामागून एक स्पिन, बंद केला आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं, ते याच कारणाने.

‘९६ टक्के परतावा’ म्हणजे हजार भरले की ९६० हातात, असा अर्थ पुष्कळजण लावतात. तो टक्का प्रत्येक फेरीच्या उलाढालीवर असतो. तेच पैसे पुन्हा पुन्हा लावत गेलात तर दहा फेऱ्यांनंतर सरासरी ६६५ उरतात आणि पंचवीस फेऱ्यांनंतर ३६०.

हरलो की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल. यात चूक काय? (म्हापसा)

टेबलाला वरची मर्यादा असते, तिथे हे अडतं. समजा लाल रंगावर किमान १०० आणि कमाल १०,००० लावता येतात. १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४०० अशा सात हरलेल्या डावांत १२,७०० गेले. आठवा डाव १२,८०० चा, तो टेबल घेतच नाही. युरोपियन चाकावर सलग सात वेळा हरण्याची शक्यता १०६ मध्ये एक आहे. म्हणजे साधारण शंभर वेळा शंभर-शंभर रुपये मिळवायचे आणि एकदा १२,७०० घालवायचे. मर्यादा नसती तरी २.७ टक्के कुठे जात नाहीत. चाकाला मागचं काही आठवत नाही.

पहिल्या भरण्यावर १०० टक्के बोनस देतात. तो तरी फुकटच ना? (कुडचडे)

अटींमध्ये ‘३५ पट’ असा आकडा शोधा. दहा हजारांच्या बोनसवर ३५ पट म्हणजे साडेतीन लाखांची उलाढाल केल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. चार टक्क्यांच्या स्लॉटवर त्यातले सरासरी १४,००० जातात. म्हणजे दहा मिळाले, चौदा गेले. भरलेली रक्कम आणि बोनस मिळून ३५ पट असेल तर उलाढाल सात लाखांची. कमी कट असलेले खेळ निवडून ही अट पार करू म्हणाल तर त्याचीही सोय केलेली असते: रुलेट-ब्लॅकजॅकची उलाढाल बहुतेक ठिकाणी दहा-वीस टक्केच धरतात, कधी अजिबात धरत नाहीत. शिवाय बोनस चालू असताना एका डावात ठरावीक रकमेहून जास्त लावलं तर सगळी जिंकलेली रक्कम रद्द. हे कलम लोक वाचत नाहीत आणि साइट नेमकं पैसे काढायच्या वेळी दाखवते.

विमानाच्या खेळात आकडा आधी सांगणारं ॲप टेलिग्रामवर विकत मिळतं. ते चालतं का? (साखळी)

नाही. या खेळात विमान वर चढताना लावलेल्या पैशांचा पट वाढत जातो आणि ते उडून जायच्या आधी पैसे काढून घ्यायचे असतात. ते किती पटींवर उडून जाईल हे फेरी सुरू होण्याआधीच्या गुप्त सांकेतिक आकड्यांवरून ठरतं. त्याचा फक्त ठसा, म्हणजे हॅश, आधी जाहीर करतात. ठशावरून मूळ आकडा काढता येत नाही. फेरी संपल्यावर मूळ आकडा दिला की ठशाशी ताडून बघता येतो. यातून एवढंच सिद्ध होतं की मधल्या मध्ये निकाल बदलला नाही. कट तसाच राहतो. परतावा ९७ टक्के असेल तर दोन पटींपर्यंत विमान पोचण्याची शक्यता ४८.५ टक्के आणि दहा पटींपर्यंत ९.७ टक्के. शंभरातल्या तीन फेऱ्यांत ते उडायच्या आधीच जातं.

ॲप विकणारा दोन मार्गांनी कमावतो. ‘आमच्याच लिंकवरून नोंदणी करा’ अशी अट असते, कारण तुम्ही हराल त्यातला हिस्सा त्याला साइटकडून मिळतो. आणि एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायला लावतात. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी आयता तिकडे पोचतो. टाकलीच असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला, मग फोन फॅक्टरी रीसेट करा.

साइटने जिंकलेले ८,००० रुपये पाठवले. आठवड्याने माझं बँक खातंच गोठवलं. मी तर कोणाला फसवलं नाही. (पेडणे)

आमच्या मते ऑनलाइन जुगारात पाणी मुरतं ते इथे, पैशांच्या खिडकीवर. खेळाचं गणित निदान कागदावर मांडता येतं.

अशा साइटचं भारतात अधिकृत खातं नसतं. पैसे भरताना दर वेळी वेगळा यूपीआय आयडी किंवा क्यूआर येतो, तो कुठल्या तरी विद्यार्थ्याचा, बंद दुकानाचा, भाड्याने घेतलेल्या खात्याचा. त्याच खात्यांतून डिजिटल अरेस्ट आणि शेअर ट्रेडिंगच्या फसवणुकीचे पैसेही फिरतात. तुम्हाला आलेले आठ हजार अशाच एखाद्या खात्यातून आले. त्या खात्याविरुद्ध कुणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा जिथे जिथे गेला ती खाती साखळीने अडवली जातात. त्यासाठी पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ चा आधार घेतात.

शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्याच्या कुठल्या पोलीस ठाण्याकडून आदेश आला, आणि वादातली रक्कम किती. पूर्ण खातं गोठवलं असेल तर फक्त तेवढ्याच रकमेवर रोख लावून बाकीचं मोकळं करावं असा अर्ज त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने करा. सोबत खात्याचा उतारा आणि साइटवरच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडा. पैसे कशाचे ते खरं लिहा. ‘मित्राने उसने दिले’ असं लिहून नंतर पुराव्यात ते खोटं ठरलं तर गुंतागुंत वाढते. तिथून दाद मिळाली नाही तर त्या भागातल्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात वकिलामार्फत अर्ज करावा लागतो. उलट तुमचेच पैसे साइटने बुडवले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. गोव्याचं सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे.

‘रक्कम काढायची तर आधी ३० टक्के कर भरा’ असा निरोप आला तर ती फसवणूक समजा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे हे खरं, पण टीडीएस नेहमी देण्याच्या रकमेतून कापतात, तुमच्याकडून वेगळा मागवत नाहीत. आणि पैसे काढायची विनंती दोन-तीन दिवस ‘प्रलंबित’ ठेवून शेजारी ‘रद्द करा’ हे बटण ठेवलेलं असतं, तेही उगीच नाही. त्या दोन दिवसांत पुष्कळजण ती रक्कम परत खेळात घालतात.

मांडवीतल्या एका कॅसिनोच्या नावाने ऑनलाइन खेळायची लिंक व्हॉट्सॲपवर आली. परवाना असलेला कॅसिनो, मग कायदेशीरच असेल? (पणजी)

नाही. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये बोटींसाठी दुरुस्ती झाली. तो परवाना त्या हॉटेलपुरता, त्या बोटीपुरता. तिथेही १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना खेळायला बंदी आहे. इंटरनेटसाठी संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा वेगळा कायदा केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन खेळ त्यात येतो, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण तो पुढे पाठवणारा झाला, लिंक आणि कमिशनसकट, की जाहिरातीच्या कलमाच्या जवळ जाऊन उभा राहतो. कुरासाव या कॅरिबियन बेटाचा परवाना दाखवणारी साइट असेल, तर तो परवाना इथल्या पोलिसांना किंवा बँकेला बांधील करत नाही.

मुलगा रात्री खेळतो, पगार दहा तारखेपर्यंत टिकत नाही. घरच्यांनी नेमकं काय करावं? (वास्को)

फोन हिसकावून उपयोग होत नाही, दुसरा येतो. त्याला सोबत घेऊन पैशांच्या वाटा अरुंद करा: बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा हजार-दोन हजारांवर आणा, कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा, पगाराचं खातं आणि यूपीआय जोडलेलं खातं वेगळं करा. जुगाराच्या साइट अडवणारं ॲप फोनवर टाकता येतं, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे असावा. कर्ज फेडून द्यायची घाई नको. घरून एकदा भरलं की पुढच्या महिन्यात आणखी घेतलं जातं, असं फार वेळा होतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत समोरासमोर तपासणी होते. आणि कर्ज नेमकं किती ते त्याच्या तोंडून ऐकून धरू नका. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो त्याच्याच लॉगिनवरून काढा. त्यात नोंदणीकृत ॲपवाल्यांची छोटी छोटी कर्जंही दिसतात. जे दिसत नाही ते बेकायदा ॲपचं किंवा मित्रांचं असतं, आणि ते वेगळं विचारावं लागतं.