कॅरमची सोंगटी की गोटी?

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय: "आम्ही लहानपणापासून कॅरमच्या गोट्या म्हणतो. पुण्याची वहिनी हसते. म्हणते, गोट्या मातीत खेळतात, कॅरमच्या त्या सोंगट्या. बरोबर कोण?"

ताई, वहिनींना हसू द्या, पण गोटी सोडू नका. सोंगटी शब्द जुना आहे, मराठी आहे, सगळं मान्य. पण तो मूळचा कॅरमचा नव्हेच, सारीपाटाचा आहे. चार रंगांच्या चार-चार अशा 16 सोंगट्या, दान पडेल तशा घराघरानं पुढं सरकणाऱ्या. त्या उभ्या असतात, चिमटीत धरून उचलायच्या. कॅरमची चकती चपटी आणि तिला हात लावला तर भांडण! रूप वेगळं, चाल वेगळी, तरी नाव तेच चिकटलं, कारण पटावर मांडायची वस्तू म्हटली की मराठी माणसाला आधी सोंगटीच आठवायची. गंमत म्हणजे क्रियापद मात्र मागं राहिलं. सारीपाटात सोंगटी मरते. कॅरममध्ये ती 'जाते'. "माझी काळी गेली" म्हणणारा पोरगा आनंदात असतो.

गोटी आली शेजारून. हिंदी-उर्दूत पटावरच्या मोहऱ्याला गोट किंवा गोटी म्हणतात. मराठवाडा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. आणि कचेरी सोडा, गल्लीतला शेजारच दखनी बोलायचा. आमच्या गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅरम रंगायचा तो चाचांच्या पंक्चरच्या दुकानात. खाली टायरचा ढीग, वर बोर्ड, हातभर वर लोंबणारा बल्ब आणि बोरिक पावडरीनं पांढऱ्या झालेल्या बाह्या. तिथं मराठी पोरंही "गोटी हलली, गोटी हलली!" म्हणूनच ओरडायची. सोंगटी म्हणणारा एखादा निघालाच तर तो मास्तरांचा पोरगा.

खरी रंगत 'डू'मध्ये. हा इंग्रजी 'ड्यू', म्हणजे देणं. स्ट्रायकर होलमध्ये गेला की जिंकलेली एक गोटी परत मधल्या वर्तुळात ठेवायची. जवळ एकही नसली तर उधारी. आम्हाला इंग्रजी कुठं येत होतं? पण अर्थ बरोब्बर पकडला होता, कारण क्रियापदं थेट सावकारीची लावली: डू चढला, डू फेडला, डू बाकी ठेवला. आमच्या हिशेबात काळीचे 10, पांढरीचे 20, क्वीनचे 50. त्यामुळं डू फेडताना पांढरी काढून देणारा माईचा लाल कुणी पाहिला नाही. क्वीनला राणी मात्र कुणी म्हणेना. 'राणीला कव्हर दिलं' हे वाक्य मी फक्त छापलेलं वाचलंय.

आता वहिनींसाठी एक गोष्ट राखून ठेवा. इंग्रजी कोशांत 'कॅरम' शब्दाची वाट बिलियर्ड्समधल्या 'कॅराम्बोल'कडे जाते, आणि त्यामागे 'कॅराम्बोला' हे फळ असावं, असा तर्क कोशकार देतात. तर्कच, खात्री नव्हे. पण फळाचं पोर्तुगीज नाव मात्र मराठीतून, 'करंबळ'वरून गेलं, असं ते नोंदवतात. करंबळ म्हणजे आपलं करमळ, कोकणातलं ते पाच धारांचं आंबट फळ. तर्क खरा निघाला तर सोंगटी-गोटीचा वाद बाजूलाच राहिला, खेळाचं नावच जग फिरून घरी आलेलं!

तुमच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर असं: बोलताना बिनधास्त गोटी म्हणा. लिहिताना पहिल्यांदा 'कॅरमची गोटी' असं पूर्ण लिहा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडचा वाचक काचेची गोटी समजेल. एकदा कॅरम येऊन गेला की पुढं नुसती गोटी चालते. आणि स्पर्धेला गेलात तर पंच दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'कॉइन' म्हणतील, तिथं वहिनींचाही इलाज चालणार नाही.