फॉर्मवरचा शेरा आणि लेकीची कुस्ती

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र: 'मुलगी दहावीत, मराठी माध्यमात आहे. चार वर्षं तालमीत जाते; पावसात तालीम बंद राहिली की हिरमुसते. एका शिबिरात प्रेरणा मोजायचा २८ प्रश्नांचा इंग्रजी फॉर्म भरून घेतला. सरांनी प्रश्न कन्नडमधून समजावले. "आतली प्रेरणा कमी, बाहेरची जास्त" असा शेरा आला. क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीला पाठवू, की कुस्ती थांबवून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला घालू?'

नमस्कार,

या शेऱ्यावरून कुस्ती थांबवू नका.

२८ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण. वर्णनावरून हा फॉर्म 'स्पोर्ट मोटिव्हेशन स्केल' असावा. तो कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी आधी फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत केला; १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार-चार प्रश्नांचे सात गट असतात: तीन आतल्या प्रेरणेचे (खेळाच्याच आनंदासाठी खेळणं), तीन बाहेरच्या (फायदा, बक्षीस किंवा दडपण यांमुळे खेळणं), आणि एक 'कशाला खेळतोय तेच कळत नाही' याचा. गटांवर पुढे बरीच टीका झाली आणि २०१३ साली मूळ संशोधकांपैकीच काहींनी १८ प्रश्नांची सुधारित आवृत्ती काढली.

यातला एक प्रश्न साधारण असा आहे: 'खेळाला वेळ दिला नाही तर मला वाईट वाटतं.' याला ७ दिले तर ते बाहेरच्या गटात जातात, कारण फॉर्म त्याला मनावरचं दडपण समजतो. आता मला सांगा, पावसात तालीम बंद राहिली की तुमची लेक हिरमुसते, असं तुम्हीच लिहिलंय. ते दडपण की ओढ? आकड्यावरून ते कळत नाही. त्यातून मूळ वाक्य इंग्रजी, समजावलं कन्नडमधून आणि मुलगी विचार करते मराठीत. 'वाईट वाटणं', 'अपराधी वाटणं', 'लाज वाटणं' यांतलं नेमकं काय तिच्यापर्यंत पोचलं, देव जाणे. भाषा बदलली की अशी चाचणी त्या भाषेतल्या खेळाडूंवर नव्याने तपासून घ्यावी लागते.

दुसरं, आतली आणि बाहेरची प्रेरणा म्हणजे तराजूची दोन पारडी नव्हेत. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात. आपल्या भागात पोलिसांत किंवा रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी मिळावी म्हणून घाम गाळणारी पोरं डावावरही जीव टाकतात. शिवाय फॉर्मवर नाव घालून तो सरांच्याच हातात द्यायचा असेल, तर बरीच मुलं सरांना आवडेल तेच लिहितात. तुमच्या लेकीने तसं केलेलं दिसत नाही. मला ती प्रामाणिक वाटते.

फॉर्म अगदीच टाकाऊ नाही. शंभर-दोनशे खेळाडूंच्या गटाचा कल त्यातून दिसतो. एका मुलीला निवडायला किंवा वगळायला तो केलेला नाही.

फक्त शेवटच्या गटातले, 'कळत नाही'वाले गुण सरांकडून मागून घ्या. ते जास्त असतील, तर घरी निवांत बसून तिच्याशी मराठीत बोला. दुखापत आहे का, तालमीत कोणी टोचून बोलतं का, दहावीचं ओझं झालंय का? वस्तादांनाही विचारा, हरल्यावर दुसऱ्या दिवशी ती येते का.

सायन्सचा हट्ट तिचा की तुमचा, ते पत्रात नाही. आर्ट्स-कॉमर्स घेऊन कुस्ती सांभाळता येते, पदवीनंतर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) ही करता येतं. चाचणीला जाऊ द्या. तारीख एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पेपरांवर येत नाही ना, तेवढं आधी बघा.