पडल्यानंतर दीड महिन्याने बाबा बदलले

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी माझे वडील (वय ६८) वर्धा रोडवर दुचाकीवरून पडले. त्या वेळचा सीटी स्कॅन नॉर्मल होता. गेल्या आठवड्यापासून मात्र त्यांचे डोके दुखते, ते विसरतात आणि चालताना डावा पाय ओढतात. हे वयामुळे असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वयामुळे असे समजून कृपया थांबू नका; त्यांना आजच रुग्णालयात न्या. शहरातल्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभाग आहे. पहिला स्कॅन चुकीचा नव्हता, तो त्या दिवसापुरता खरा होता. उतारवयात मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि साध्या धक्क्यानेही त्या फाटून आवरणाखाली रक्त इतके सावकाश साचते की लक्षणे दिसायला कित्येक आठवडे लागतात. याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. मेंदूच्या उजव्या बाजूवर दाब आला, की बहुधा डावे हातपाय अशक्त होतात.

वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, पण आपल्या मनाने ती बंद करू नका. गरज पडल्यास कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढतात. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात, मात्र रक्त पुन्हा साचू शकत असल्याने तपासणी चालू ठेवावी लागते. फिट आली, उलट्या झाल्या किंवा ते नीट जागे होईनासे झाले, तर १०८ क्रमांकावर लगेच फोन करा.