पळताना दम कोणाचा जास्त? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी टेन के (10 किमी) 50 मिनिटांत पळतो, माझा मित्र 54 मध्ये. पण हाफ मॅरेथॉनचं (21.1 किमी) टायमिंग दोघांचं सेम, 1 तास 58 मिनिटं. तो म्हणतो तुझा दम कमी पडतो. मी त्याच्यापेक्षा फास्ट असून माझा दम कमी कसा? आणि जानेवारीत मुंबईला फुल मॅरेथॉन (42.2 किमी) करायची आहे तर काय टार्गेट ठेवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्राचं बरोबर आहे हो. स्पीड वेगळा आणि दम वेगळा. अंतर वाढलं की तुमचा पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात तो वेग, किती पडतो त्यावरून दम कळतो. तुम्ही टेन के ला किलोमीटरला 5 मिनिटांनी पळता आणि हाफला साधारण 5:36 वर येता, म्हणजे 36 सेकंद गेले, मित्राचे 5:24 वरून फक्त 12 गेले!

पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1977 मध्ये यासाठी एक फॉर्म्युला मांडला, तो आजही बरेच रनर वापरतात. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता साधारण 2.085 पट होते, असं त्याचं गणित. त्या हिशेबाने तुमची हाफ 1:50 ला व्हायला हवी होती, मित्राची 1:59 ला. तो एक मिनिट आधी आला, तुम्ही आठ मिनिटं मागे राहिलात.

मोठ्या लोकांचंही असंच असतं बघा. इथिओपियाचा केनेनिसा बेकेले, ज्याच्या नावावर ट्रॅकचे विश्वविक्रम अनेक वर्षं होते, आणि केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे. बेकेलेचं 5000 मीटरचं बेस्ट 12:37.35 मिनिटं, किपचोगेचं 12:46.53, दहा हजारातही बेकेले अर्ध्या मिनिटाने पुढे. पण मॅरेथॉनला किपचोगे 2:01:09 आणि बेकेले 2:01:41. ट्रॅकवर मागे असलेला माणूस 42 किलोमीटरला पुढे गेला, कारण अंतर वाढलं तरी त्याचा पेस फारसा पडत नाही, आणि बेकेलेसारख्याला मागे टाकणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

एक मात्र आधी तपासा. दोन्ही टायमिंग एकाच सीझनची आणि सपाट रूटवरची आहेत ना? हाफ सातारा हिल मॅरेथॉनची असेल तर हे सगळं गणित बाजूला ठेवा, यवतेश्वरचा घाट चढून आलेल्या टायमिंगची सपाट टेन के शी तुलनाच होत नाही. दमट हवेतल्या रेसचंही तेच. घड्याळात हाफचे स्प्लिट्स, म्हणजे प्रत्येक किलोमीटरची वेळ, बघा, पहिल्या पाच किलोमीटरला 5:10 आणि शेवटी 6 च्या वर गेला असाल तर दमाइतकाच दोष सुरुवातीच्या घाईचा आहे.

आता टार्गेट. रीगलच्या फॉर्म्युल्याने 1:58 वरून फुल 4:06 येते, पण तुमचा पेस ज्या हिशेबाने पडतोय तसाच पडला तर 4:22 च्या आसपास. मी तर 4:20 ते 4:25 च धरेन, म्हणजे किलोमीटरला 6:10–6:15 ने निघायचं, आणि हाफपर्यंत कितीही फ्रेश वाटलं तरी पेस वाढवायचा नाही, पेडर रोडचा चढ अजून यायचा असतो. तोपर्यंत स्पीडवर्क (वेगात पळायचा सराव) आठवड्यातून एकदाच ठेवा आणि रविवारची लाँग रन गप्पा मारता येतील इतकी हळू करा, अंतर थोडं थोडं वाढवत 28–30 पर्यंत न्या. लाँग रनमध्ये एनर्जी जेल किंवा खजूर, जे रेसला खाणार तेच खाऊन बघा. दोन महिन्यांनी परत एक सपाट हाफ पळा, 1:53–1:54 आली तर टार्गेट 4:10 करायला हरकत नाही.