कार्ल फिशरवर पहिल्यांदा बसताना

कार्ल फिशर म्हणजे सॅम्पलमधलं पाणी मोजायचं टायट्रेशन यंत्र. आधी ड्रिफ्ट बघ, म्हणजे सॅम्पल न टाकताही बाहेरून भांड्यात किती ओल शिरतेय ते. पावसाळ्यात लोटे-महाडकडे हवाच ओली. ड्रिफ्ट उतरत नसेल तर ट्यूबमधलं मॉलिक्युलर सीव्ह (ओल शोषणारे दाणे) बदल, सेप्टम (सुई टोचायचं रबरी झाकण) तपास. रिएजंटला, म्हणजे टायट्रेशनच्या द्रावणाला, दोष नंतर दे. फॅक्टर, म्हणजे एक मिली रिएजंट किती पाणी खातं तो आकडा, रोज काढ. त्यासाठी डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट घे, त्यात पाणी 15.66 टक्के असतं. सॅम्पल सिरिंजने टोच, आधीच्या-नंतरच्या वजनातला फरक घे. सुईच्या टोकावरचा थेंब आत ओढ. तो सेप्टमला पुसला गेला तर वजनात धरला जातो, भांड्यात पोचतच नाही, आणि पाणी कमी दिसतं.

अ‍ॅसिटोनला भांड्यातलं नेहमीचं मिथेनॉल चालत नाही. दोघांच्या रिअ‍ॅक्शनमधून नवं पाणी तयार होतं, एंड पॉइंट (टायट्रेशन संपल्याची खूण) सरकतच राहतो. अ‍ॅसिटोनसारख्या कीटोनसाठी मिथेनॉल नसलेलं रिएजंट मागव. आकडा स्पेकबाहेर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर, आला तर पुन्हा पुन्हा टोचत बसू नकोस, काही ओतून न टाकता सिनियरला बोलाव.